पेन्सिलबाईंचे गाल

सत्त्याण्णव साल होतं. बाकीची सालं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात, पण हे पक्कं बसलंय. त्या वर्षी आमच्या फोटो स्टुडिओच्या बरोब्बर समोर तासाभरात रंगीत फोटो छापून देणारं मशीन आलं, आणि त्याच वर्षी आमच्या थोरल्या जाऊबाईंनी स्वतःच्या पोटातली चरबी काढून गालात भरून घेतली. दोन्ही गोष्टींनी घर हवालदिल झालं होतं. मशीनची काळजी निदान उघड बोलता यायची.

पुढे दुकान, मागे डार्करूम, वरच्या मजल्यावर आम्ही, असं आमचं घर. दुकान दोघा भावांचं. थोरले दादा फोटो काढायचे, आमचे हे डार्करूम सांभाळायचे, आणि मी काउंटरवर बसून पावत्या फाडायचे, रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळा वाजवायचे. जाऊबाई, म्हणजे मी ज्यांना वहिनी म्हणायचे त्या, खिडकीपाशी उतरत्या मेजाशी बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवायच्या. हे काम आता कुणी पाहिलं नसेल. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा खड्डा, सावली, तिथे पारदर्शक दिसते. त्या जागी टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं भरत गेलं की छापलेल्या फोटोत खड्डा भरून येतो, डोळ्याखालचं काळं निघून जातं. मेजाच्या पायाशी एक आरसा बसवलेला असायचा. तो खिडकीचा उजेड खालून निगेटिव्हवर फेकायचा. त्या उजेडावर वाकून वहिनी दिवसभर लोकांचे गाल भरायच्या. गिऱ्हाइकं त्यांना पेन्सिलबाईच म्हणायची. "पेन्सिलबाई, जरा माणसात आणा बरं का आम्हाला," असं सांगून फोटोला बसायची.

त्यांची एकुलती एक लेक ठकू. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि पाठोपाठ वहिनींना आतड्याचं दुखणं जडलं. खाल्लेलं अंगी लागेना. औषधं झाली, पथ्यं झाली, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढे बऱ्या झाल्या, वजनही परत आलं, पण ते सगळं कमरेवर आणि पोटावर. चेहऱ्याकडे काही फिरकलं नाही. गालफडं आत, कानशिलं खोल, डोळ्यांखाली खोबण्या. बाई पन्नाशीची, पण नवी गिऱ्हाइकं दादांना सांगायची, "तुमच्या आईंना म्हणावं, वेळ लागला तरी चालेल पण काम नीट करा." दादा "बरं" म्हणायचे. आतून पेन्सिलीचा आवाज तेवढा थांबायचा.

ठकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. 'पोटाची थोडी तक्रार आहे' एवढंच तिला फोनवर सांगितलेलं. पोरीची नवी नोकरी, रजा नाही, उगाच तिचा जीव टांगणीला कशाला, असं वहिनींचं म्हणणं. ती फोटो मागायची. दादा काढायचे, वहिनी स्वतःच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवायच्या, आणि गोबऱ्या गालांची आई टपालाने लेकीकडे जायची. दोन वर्षं असं चाललं. मग ठकूने कळवलं की वर्षअखेरीला रजा मिळतेय, महिनाभर येते.

घरात आनंद झाला. वहिनींच्या हातातलं भांडं मात्र तसंच हातात राहिलं.

"ती दारातून आत येईल," त्या मला म्हणाल्या, "आणि दचकेल."

"पोटची लेक तुमची. दचकायला काय झालं?"

"दचकेल गं. लगेच सावरेल, हसेल, गळ्यात पडेल. पण त्याच्या आधीचं ते एवढंसं मला दिसेल. तुला नाही दिसणार. मी आयुष्यभर दुसरं काय बघत आले?"

मी भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

भाजलेल्या नि अपघातात चिरलेल्या चेहऱ्यांवर काम करणारा एक सर्जन त्या सुमाराला आमच्याकडे पासपोर्टच्या फोटोला आला होता. तरुणच होता, बोलायला सरळ. वहिनींनी हातातली पेन्सिल खाली न ठेवताच त्याला विचारलं, गाल भरता येतात का हो? तो म्हणाला, येतात, तुमच्याच चरबीनं, या एकदा. आम्ही दोघी गेलो. दादांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय.

त्याच्या खोलीत एक उंच स्टूल होतं आणि त्यावर सगळीकडून उजेड पडत होता. वहिनींना त्याने त्यावर बसवलं, बोटांनी गाल चाचपले, पोट बघितलं, आणि समोर बसून सांगायला लागला.

"पोटाला बारीक भोक पाडून पोकळ सळईनं चरबी ओढून घ्यायची. ती स्वच्छ करायची आणि बोथट सुईनं गालात थेंब थेंब सोडायची. एका जागी गोळा घालून भागत नाही. गोळ्याला रक्त मिळत नाही, तो मरतो. थेंबाला सगळीकडून शेजार मिळाला तर तो रुजतो."

"टिंबं," वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. सांगा पुढे."

"सगळी रुजत नाही. कुणाची निम्मी राहते, कुणाची त्याहून कमी. म्हणून घालताना थोडी जास्तच घालतो. सुरुवातीला तोंड सुजेल, निळंपिवळं पडेल, आरशात तुम्ही स्वतःला ओळखणार नाही. सूज उतरायला काही आठवडे लागतात, खरा चेहरा कळायला तीन-चार महिने. कमी पडलं तर पुन्हा करावं लागेल. एखादी गाठ हाताला लागत राहील. दोन बाजू कमीजास्त होऊ शकतात. आणि फार क्वचित, सुईतली चरबी रक्तवाहिनीत गेली तर डोळ्यालासुद्धा धोका असतो. हे मी सगळ्यांना सांगतो. घाबरवायला नाही."

घाबरवायला नाही, हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "डॉक्टर, त्यांच्या पोटाला कशाला भोकं पाडता? माझ्या कमरेची घ्या की, हवी तेवढी."

"दुसऱ्याची चालत नाही. शरीर हाकलून देतं."

"त्यात जावेची म्हटल्यावर हाकलणारच," वहिनी म्हणाल्या.

सर्जन हसला. मग म्हणाला, "दुखण्याच्या आधीचा तुमचा एक फोटो लागेल. कुठे किती भरलेलं होतं ते बघून भरतो. नाहीतर मी माझ्या मनानं एक चेहरा करीन आणि तो तुमचा नसेल."

वहिनींनी पर्समधून काढून दिला. आमच्या दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं लावलेला तोच फोटो, लहान आकाराचा. पस्तिशीच्या वहिनी, भरलेले गाल, ओठ किंचित हसणारे. सर्जनने तो दिव्याजवळ नेला. एका कार्डाने अर्धा चेहरा झाकला, मग दुसरा अर्धा.

"याला हात लावलाय का?"

"थोडासा."

"कुणी?"

"मीच."

"दोन्ही गाल तंतोतंत सारखे आहेत. असे कुणाचे नसतात, बाई. माझे नाहीत, यांचे नाहीत. बिनहाताचा फोटो आणा. तो बघितल्याशिवाय मी सुई उचलणार नाही."

वाटेत वहिनी म्हणाल्या, "हात्तिच्या, फोटोला काय तोटा आपल्या घरात." मलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर आम्ही पेट्या उघडल्या. खोके, पाकिटं, अल्बम, कपाटाच्या वरच्या फळीवरचे धूळ खाल्लेले पुठ्ठे. वहिनींचे फोटो पुष्कळ निघाले. काचेतला पेन्सिल लावलेला. ओळखपत्रावरचा पेन्सिल लावलेला. ठकूला मांडीवर घेतलेला, त्यात ठकूच्या नाकाचा शेंबूडसुद्धा पुसलेला. लग्नातले फोटो दुसऱ्या कुणी काढलेले होते, तर ती निगेटिव्ह मागवून घेऊन त्यांनी नंतर सवडीने भरली होती. घोळक्यातल्या एका फोटोत त्यांचं तोंड मुगाएवढं दिसत होतं. मी तो भिंगाखाली धरला.

"यालाही?" मी विचारलं.

"रिकामपण होतं एकदा," वहिनी म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या.

लग्नाआधी त्यांच्या माहेरी कॅमेरा कुणी पाहिला नव्हता. म्हणजे फोटोवाल्याच्या घरात तीस वर्षं राहिलेल्या बाईचा एकही खरा फोटो नव्हता. पेन्सिलीशिवाय फोटो घराबाहेर सोडायचा नाही ही आमच्या धंद्याची शिस्त, आणि घरातल्या फोटोंनाही तीच लागली होती. ते चेहरे आम्ही इतकी वर्षं बघत आलो होतो की तेच खरे वाटायला लागले होते. फोटोत आपण जरा बरे दिसतो, एवढंच ज्याला त्याला वाटायचं.

एवढा पसारा बघून दादा आत आले. मग सांगावंच लागलं. ते स्टूल ओढून बसले.

"मला विचारलं नाहीस," म्हणाले.

"काय विचारायचं? माझा फोटो काढताना तुम्ही हल्ली दिवा खाली घेता. गालाच्या खळगीत उजेड जावा म्हणून. मला कळत नाही होय?"

दादांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"डोळ्याला धोका असतो म्हणालीस?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे किती?"

"अहो, क्वचित म्हणजे क्वचित. त्यानं मोजून नाही सांगितलं."

आमचे हे दारात उभे होते. ते घरात सगळ्यात कमी बोलणारे. ते म्हणाले, "काचेतल्या फोटोचं निगेटिव्ह आहे खाली. पेन्सिल काय, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसली जाते."

वहिनींनी वर बघितलं. "ते नाही पुसायचं."

मला त्यांचं कळत होतं. त्या निगेटिव्हवर त्यांनी किती दिवस घातले होते ते मी पाहिलं होतं. नवं गिऱ्हाईक काचेपाशी थबकायचं, तो फोटो बघायचं आणि मग पायरी चढायचं. शिवाय आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. समोर ते मशीन आलेलं. एकदा पुसलं की तसं काम पुन्हा होणार नव्हतं, आणि करवून घ्यायलाही कुणी येणार नव्हतं.

"तोच चेहरा हवाय मला," त्या म्हणाल्या. "तसाच भरू दे त्याला. दोन्ही सारखे. ठकूला गेलेले सगळे फोटो तसेच आहेत."

मी सहसा त्यांच्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "वहिनी, ठकू काय फोटोजवळ वाढली का? तुमच्या कडेवर वाढली. उद्या काचेतली बाई दारात उभी राहिली तर ती जास्तच दचकेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. "पुसायचं तर मी पुसेन. तुम्ही कुणी हात लावायचा नाही."

दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही चौघंही मागे गेलो. वहिनींनी मेजावर ते निगेटिव्ह लावलं, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळला आणि गालावरून एकदाच फिरवला. पंधरा वर्षांची पेन्सिल बोळ्यावर करड्या डागासारखी आली. त्यांनी तो डाग बघितला, बोळा दुमडला आणि डोळ्यांखालून फिरवला. मग निगेटिव्ह ह्यांच्या हातात दिलं आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

डार्करूमच्या लाल उजेडात कागद द्रावात पडला. आधी केस उमटले, मग भुवया, मग डोळे. गाल सगळ्यात शेवटी आले. उजवा भरलेला. डावा मात्र हाडाखाली थोडा बसलेला, आणि ओठाचा डावा कोपरा वर ओढलेला. पस्तिशीच्या, दुखणं ठाऊक नसलेल्या, धडधाकट वहिनी.

"डावा गाल तेव्हापासूनच बसका होता?" वहिनींनी विचारलं.

"होता की," दादा म्हणाले.

"मग बोलला नाहीत कधी."

"मला तो बसका वाटला नाही. मला वाटायचं तू तिकडून हसतेस."

कागद द्रावात जास्तच राहिला असता. ह्यांनी चिमट्याने उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो सर्जनच्या टेबलावर ठेवले. त्याने नव्या फोटोवर बोट टेकवलं. "याच्यावरून करतो. डाव्या बाजूला कमी घालीन. चालेल ना? नीट विचार करून सांगा, नंतर काढता येत नाही."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या दंडावर होता आणि नखं रुतत होती.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्याने त्यांना ताठ बसवून शाईच्या पेनने गालांवर गोल आणि रेघा काढल्या. फोटो समोर भिंतीला चिकटवला होता. वहिनी म्हणाल्या, "हात हलका आहे तुमचा." त्याने नुसती मान डोलावली आणि पुढची रेघ ओढली, ते मला आवडलं नाही. मग त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि दादा. दादा मला म्हणाले, "पोटातली चरबी गालात गेली तर गालांना भूक लागेल का?" मी हसले नाही, तेही हसले नाहीत. जरा वेळाने त्यांनी डोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, दादा, आता नका विचारू. दार उघडलं की आम्ही दोघंही उठायचो, आणि दर वेळी दुसरंच कुणी बाहेर यायचं.

त्यांना बाहेर आणलं तेव्हा मी पहिल्यांदा बोटं नाचवून विचारलं, दिसतंय का? "तुझी तीन बोटं आणि अंगठीतला मळ," असं सुजलेल्या ओठांतून आलं. दादांनी भिंतीला हात टेकला.

पण ते तोंड. सर्जनने सांगितलं होतं तरी मनाची तयारी कुठे झालेली असते? दुसऱ्या दिवशी तर डोळे दोन चिरांसारखे राहिले. गाल ताणून चकचकीत, जांभळे, हनुवटीपर्यंत ओघळ उतरल्यासारखे. पोटाला घट्ट पट्टा. उशांचा ढीग करून उताणं झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, गालाला हात लावायचा नाही, चोळायचं नाही, बर्फ ठेवायचा नाही, दाबायचं तर मुळीच नाही. दबला की थेंब मरतो. हे एवढं मी रोज मनात म्हणत होते. दादा दारातून डोकवायचे आणि परत जायचे. एकदा आत येऊन म्हणाले, "खरं सांगू का? पाहुणी आल्यासारखं वाटतंय." वहिनींना हसता येत नव्हतं. त्यांनी उशी फेकून मारली.

मी घरातले आरसे उचलून माझ्या खोलीत ठेवले. चौथ्या-पाचव्या दिवशी खाली गेले तर वहिनी आपल्या मेजाशी गुडघ्यांवर बसलेल्या. मेजाच्या पायाशी उजेडासाठी बसवलेला आरसा होता, तो मी विसरले होते. त्यात वाकून बघत होत्या.

"दोन्ही सारखेच दिसतायत," त्या म्हणाल्या. "त्यानं काचेतला फोटो बघून भरलं."

"सूज आहे, वहिनी."

"सूज असली तरी डावा कमी दिसायला हवा."

"सूज काय माप घेऊन येते का?"

पण ती शंका माझ्याही मनात शिरली. भिंतीवर कुठला फोटो होता, ते मी बघितलं होतं ना? बघितलं होतं. तरीही नंतर किती वेळा मनात परत तिथे जाऊन बघून आले.

सूज उतरू लागली तशी दुसरी काळजी सुरू झाली. एका दुपारी मी कपडे वाळत घालून आले तर वहिनी गाढ झोपेत डाव्या कुशीवर. गाल उशीत पार रुतलेला. मी त्यांना जवळजवळ ओढूनच सरळ केलं. गालावर उशीच्या शिवणीची लांब रेघ उमटली होती. दोघी त्या रेघेकडे बघत बसलो. ती जाईना. सर्जनला फोन केला. तो म्हणाला, एकदा झालं तर काही होत नाही, आता सांभाळा. 'काही होत नाही' हे तो कुठल्या आवाजात म्हणाला, यावर आमची संध्याकाळ गेली. त्या दिवसापासून त्या झोपल्या की मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. कूस बदलायला लागल्या की खांदा धरून परत उताणं करायचे. "तुरुंगात तरी बरं," त्या डोळे मिटूनच म्हणायच्या.

मग गाल उतरायला लागले. सर्जनने सांगितलंच होतं, काही भाग विरून जाणार. पण रोज सकाळी त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. "गेलं ना? कालच्यापेक्षा गेलं ना?" मी नाही म्हणायचे. खरं तर मला वाटायचं, गेलं. विशेषतः डावीकडे. कधी वाटायचं, उशीमुळे. कधी वाटायचं, मुळातच कमी घातलंय, तसंच दिसणार. किती खाली येऊन थांबेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि दादा तर बायकोकडे बघायलाच घाबरू लागले होते. बघितलं की ती विचारणार.

अशात ठकूचा फोन आला. रजा आधीच मिळतेय, वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही, पंधरवड्यात येते.

"अजून चेहरा ठरलेला नाही," वहिनी फोन ठेवून म्हणाल्या. अगदी एखादं काम पुरं झालेलं नसावं तशा. त्या पंधरवड्यात त्या भरपूर जेवल्या, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. मग पोट वाढेल म्हणून दोन दिवस जेवल्याच नाहीत.

ठकू आली तेव्हा दुकान उघडं होतं. मी काउंटरवर. टॅक्सीतून उतरली, पिशव्या पायरीवर टाकल्या, "काकू" म्हणून माझ्या खांद्याला नुसता हात लावला आणि थेट आत गेली. वहिनी मेजाशी होत्या. उठल्या, पदर सारखा केला आणि उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लपायचंच नाही असं ठरवल्यासारख्या. मी दारात. माझे डोळे ठकूच्या तोंडावर.

ती दचकली नाही. ती बघत राहिली, एकेक जागा सावकाश, जशी तिची आई निगेटिव्ह बघायची तशी. कपाळ, कानशील, उजवा गाल, डावा गाल. डाव्या गालावर थांबली. मग तिने श्वास सोडला, इतका मोठा की मला दारात ऐकू आला, आणि खाली स्टुलावर बसली.

"आहेस," ती म्हणाली.

"म्हणजे काय? कुठे जाणार होते?"

"आई, मी या मेजाखाली खेळत मोठी झाले. तुझी पेन्सिल मला कळत नाही असं वाटलं तुला? पहिल्या फोटोत डोळ्यांखाली होती. मग गालांवर आली. मग कानशिलावर. दर फोटोत वाढत होती. फोनवर म्हणायचीस, पोटाची थोडी तक्रार. मी फोटो खिडकीशी धरून टिंबं बघायची. शेवटच्या फोटोत तुझ्या चेहऱ्यापेक्षा पेन्सिलच जास्त होती. मला वाटलं, खाली आता काहीच उरलं नसेल. म्हणून रजेसाठी भांडून आले."

वहिनींनी तोंडावर हात नेला आणि सवयीने गालापासून बोटभर लांब थांबवला. दोन वर्षं त्यांनी लेकीला काळजी लागू नये म्हणून टिंबं भरली होती.

"विचारलं का नाहीस?" त्या म्हणाल्या.

"तू सांगशील म्हणून."

"आणि मी तू विचारत नाहीस म्हणून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग खालच्या आवाजात, "गाल भरून घेतलेत मी. पोटातलं काढून. तू दचकू नयेस म्हणून."

ठकू उठून जवळ गेली. "हात लावू?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. इतके आठवडे उलटून गेले होते, आता चालणार होतं. मी मान हलवली. ठकूने डाव्या गालावर तळवा ठेवला, आणि वहिनी रडायला लागल्या. तोंड वाकडं करून, डावीकडून.

"पोट तुझं आहे म्हणायचं हे," ठकू म्हणाली. "बाबा, इकडे या. आईचं पोट बघा कुठे आलंय."

दादा केव्हाचे माझ्या मागे उभे होते. त्यांनी सगळ्यांना समोरच्या पडद्यापुढे उभं केलं, जुन्या कॅमेऱ्याला टायमर लावला आणि धावत येऊन स्वतःही आमच्यात उभे राहिले. वहिनी मधोमध, दिवा वर, नेहमीच्या जागी. ते निगेटिव्ह दोन दिवस वहिनींच्या मेजावर पडून होतं. नंतर छापून आलं तेव्हा मी बघितलं, तर माझ्या कपाळाच्या आठ्या गेलेल्या, दादांच्या डोळ्यांखालचं साफ, ह्यांची वाकडी कॉलर सरळ, ठकूचा मुरूम गायब. स्वतःला त्यांनी हात लावला नव्हता. काचेत जुन्या फोटोच्या जागी तो लागला. गिऱ्हाइकं विचारायची, मधल्या बाई कोण?

पुढे काय झालं ते सांगायचं तर, समोरचं मशीन सहा-सात वर्षांत बंद पडलं, कारण त्याच्याहून झटपट काहीतरी आलं. आम्ही त्याच्यानंतरही काही दिवस उघडे होतो, असं आमचे हे अजून अभिमानाने सांगतात. त्यांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी काही उलट बोललं तरी चालतं. दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. सर्जन दुसऱ्या गावी गेला. जाताना निरोपाला आला होता, आणि वहिनींचे गाल उजेडात धरून बघितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते वहिनींच्या मते समाधान होतं. डावीकडे एक छोटी गाठ कायम राहिली. बोलताना त्या तिच्यावरून बोट फिरवायच्या. उतारवयात वजन वाढलं तसे गालही वाढले, कारण ते मुळात पोटच होतं. दादा असेपर्यंत म्हणायचे, हिला जेवण कमी पडलं तर आधी तोंडावर कळतं.

ठकू तिकडेच राहिली, तिथेच संसार केला. आता तीही पन्नाशी ओलांडून गेलीय आणि तिचा डावा गाल हाडाखाली बसायला लागलाय. फोन केला की कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवते. "काकू, भरून घेऊ का?" मी म्हणते, तुझं तू बघ बाई, मला आता कुणाच्या उशाशी बसून राहणं होणार नाही.

वहिनी गेल्या वर्षी गेल्या. शेवटचे काही महिने त्यांचं अंथरूण माझ्याच खोलीत होतं. डाव्या कुशीवर झोपायच्या, गालाखाली तळवा घेऊन, गाल उशीत पार रुतवून. मी जागीच असायचे. पण आता त्यांना उताणं करायला उठत नव्हते.